राहिलेली ओळ

‘‘माणूस घाबरला, स्वल्पविराम, की कोणाला तरी हाक मारतो, पूर्णविराम,’’ मावशींनी वाचलं, पाण्याचा एक घोट घेतला आणि हातातल्या कागदावरची नजर उचलून थेट खालच्या मजकुरावर नेली. ‘‘नवा परिच्छेद. पुढे मी माझ्या रुग्णांविषयी...’’

समोर बसलेल्या मास्तरांची पेन्सिल हवेतच थांबली.

‘‘एक ओळ राहिली.’’

‘‘कुठे?’’

‘‘हाक मारतो, पूर्णविराम. त्याच्यापुढे माझ्याकडे अख्खं वाक्य आहे. तुमच्याकडे नसेल तर मी इथलं काढून टाकतो.’’

मावशींनी बोट मागे नेलं. वाक्य होतं, अगदी सुवाच्य अक्षरात. नाही म्हणाल्या असत्या तर मास्तरांनी पेन्सिलीच्या एका रेघेनं ते उडवलं असतं आणि जगात कोणाला कळलं नसतं.

‘‘आहे,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मग वाचा. आणि जरा सावकाश.’’

‘‘आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली प्रार्थना, स्वल्पविराम, बसणाऱ्याचे समाधान करते, अर्धविराम,’’ मावशी वाचत गेल्या, ‘‘आजाऱ्यापर्यंत तिच्यातले काहीही पोचत नाही, पूर्णविराम.’’

मास्तरांनी वाक्यावर बारीक खूण केली. मावशींची ओळ कधी सुटत नसे. आज सुटली आणि आपण ती धरली, याचा त्यांना किंचित आनंद झाला. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसलाही असावा, कारण मावशींनी त्यांच्याकडे न बघताच पुढचं वाचायला घेतलं.

छापखान्याच्या मागच्या बाजूला, कागदाच्या गठ्ठ्यांपलीकडे, बिनखिडकीच्या खोलीत या दोघांचं टेबल होतं. मावशींनी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि मास्तरांनी छापून आलेल्या प्रुफावर नजर फिरवत चुका टिपायच्या. बाकी सगळीकडे ही पद्धत बंद झाली होती. पण मालकांचा हेका असा, की दोन माणसांनी मिळून केलेली चूक परवडते, एकट्यानं केलेली नाही. छापखान्याचं निम्मं काम प्रार्थनेच्या पुस्तकांचं होतं आणि त्यांत चूक सापडत नाही अशी ख्याती होती. मालक ते श्रेय मास्तरांना देत. मास्तर कशावर म्हणून विश्वास ठेवत नसत. ‘‘भाविक माणसाला चूक दिसतच नाही,’’ मालक सांगायचे, ‘‘तो ती मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. प्रार्थना तपासायला आपला नास्तिकच बरा.’’

मास्तर पूर्वी खरोखरच शाळेत मास्तर होते. सकाळच्या प्रार्थनेला ते डोळे मिटत नसत, त्यावरून एकदा बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की तुम्ही सगळे डोळे मिटता तेव्हा कोणाचे डबे कोण खातं ते मला एकट्याला ठाऊक आहे. त्यानंतर त्यांची शाळा सुटली. मावशींना ही गोष्ट फार आवडायची. देव त्यांचा होता, पण हसू त्यांना मास्तरांच्या बाजूनं यायचं.

डॉक्टरचं हे पुस्तक आलं तेव्हा मालकांनी मावशींना बाजूला घेऊन विचारलं होतं. लिहिणारा म्हातारा डॉक्टर, आयुष्यभर आजाऱ्यांत राहिलेला, आणि पुस्तक सगळं देव, प्रार्थना, श्रद्धा यांच्या विरोधात. ‘‘तुमच्या घरी लेकीचं हे असं. नको असेल तर दुसरं कोणी वाचेल.’’

‘‘काम आहे, वाचायचं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मी कुठे अर्थ लावते?’’

ते खरंही होतं. अर्थ लागला की चूक सुटते, हे या कामाचं पहिलं शहाणपण. मावशींनी जमिनींचे कायदे वाचले होते, बॉयलरची माहितीपत्रकं वाचली होती, एका कवीचे सात संग्रह वाचले होते, आणि त्यातलं काहीही त्यांच्या अंगाला चिकटलं नव्हतं. हे पुस्तक मात्र चिकटायला लागलं. त्यात शिव्याशाप असते तर त्या बिनधास्त वाचून मोकळ्या झाल्या असत्या. पण डॉक्टर कोणाची टिंगल करत नव्हता. तो अदबीनं, जवळ बसून समजावल्यासारखा लिहीत होता आणि मधूनच आपल्या हातून गेलेल्या माणसांची आठवण काढत होता.

मावशींची लेक वर्षभर अंथरुणाला खिळून होती. रक्ताचा आजार. मावशींचा नवरा लवकर गेलेला, त्यामुळे घरात या दोघीच. लेक शिवणकाम शिकवायची, बोलायला तिखट आणि आईची नक्कल करण्यात पटाईत. मावशींच्या तोंडात विरामचिन्हं इतकी बसली होती, की त्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा खुणांसकट वाचत. लेक पडल्या पडल्या म्हणायची, ‘‘आई, पाणी दे, स्वल्पविराम, जास्त गार नको, पूर्णविराम.’’ आणि दोघी हसायच्या.

संध्याकाळी मावशी तिच्या उशाशी बसून प्रार्थना वाचत. तोंडपाठ होती, तरी पुस्तक उघडूनच वाचत, कारण पाठ असलेल्या गोष्टीवर त्यांचा धंद्यानं विश्वास उरलेला नव्हता. पुस्तक त्यांच्याच छापखान्यातलं. खुणा मात्र त्या तिथे कधी वाचत नसत. दिवसभरात तेवढंच एक वाचन असं, की जे काम नव्हतं.

ओळ राहिली त्या दिवशी दुपारी डबे उघडल्यावर मास्तरांनी विषय काढला.

‘‘माणूस मुद्द्याचं लिहितो, नाही?’’

‘‘मला काय विचारता? मी वाचणारी.’’

‘‘आज तुम्ही ऐकत होतात.’’

मावशींनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. ‘‘समजा, खरं असेल त्याचं. मग मी संध्याकाळी तिथे बसून काय करायचं? भिंतीकडे बघायचं?’’

‘‘हात धरून बसा. तोही तेच म्हणतो, पुढच्या प्रकरणात. मी चाळून पाहिलंय.’’

‘‘हात धरलेलाच असतो, मास्तर,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘एका हातात हात, दुसऱ्या हातात पुस्तक. तुमचा डॉक्टर एक हात रिकामा करायला सांगतोय. त्या हाताचं काय करायचं ते सांगत नाही.’’

मास्तरांकडे उत्तर होतं. शाळेपासून त्यांच्याकडे अशा प्रश्नांची उत्तरं तयार असत. पण मावशींनी डबा झाकून टाकला होता, म्हणून त्यांनीही आपला डबा आवरायला घेतला.

त्या संध्याकाळी मावशींनी नेहमीसारखं पुस्तक उघडलं. ‘‘तुझ्या दारी आम्ही आलो, स्वल्पविराम,’’ त्यांच्या तोंडून गेलं.

लेकीनं डोळे उघडले. ‘‘आई, खुणा काय वाचतेस?’’

‘‘चुकलं गं.’’ त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. दोन ओळी नीट गेल्या आणि तिसरीला पुन्हा पूर्णविराम आला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पुस्तकातली अक्षरं नुसती अक्षरं दिसत होती, एकेक सुटं, काना जागेवर आहे की नाही तेवढं बघण्यापुरतं.

‘‘नको ना असं वाचूस,’’ लेक म्हणाली. तिच्या आवाजात नक्कल नव्हती. ‘‘छापखान्यात पडल्यासारखं वाटतं.’’

‘‘घसा बसलाय. उद्या वाचते.’’

‘‘बरं. उद्या वाच.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप चढला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे ती शुद्धीवर अशी आलीच नाही. मावशी कॉटजवळ बसून होत्या, पिशवीत पुस्तक होतं, पण त्यांनी ते बाहेर काढलं नाही. दोन्ही हातांनी त्यांनी लेकीचा हात धरून ठेवला होता. अखेर डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनीच तो सोडवला.

लेक दवाखान्यात होती तेव्हा एकदाच त्या छापखान्यात येऊन गेल्या होत्या, रजेचं सांगायला. मास्तर एकटेच टेबलाशी होते. पुस्तकाचं काम अडून राहिलं होतं. मास्तरांनी दुसऱ्या कोणाला वाचू दिलं नव्हतं.

‘‘कशी आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तशीच.’’ मावशी दारातच उभ्या राहिल्या. ‘‘मास्तर, त्या दिवशी घरी मला प्रार्थना वाचता आली नाही. खुणांसकट यायला लागली. तिला आवडलं नाही. उद्या वाचते म्हणाले, आणि तो उद्या काही आला नाही. एवढंच.’’

मास्तरांना खूप काही सुचलं. खुणांनी काही बिघडत नाही, ताप यायचा तो आलाच असता, हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. ती ओळ आपण सोडून दिली असती तर काय झालं असतं, याचा मात्र ते त्या दिवसापासून विचार करत राहिले. एका ओळीनं डॉक्टरचं पुस्तक काही बुडालं नसतं.

लेक गेल्यावर सगळं उरकून माणसं घरी जमली तेव्हा मास्तरही गेले. खोली लहान होती. मालक दाराशी होते, मावशींचा भाऊ, दोन-तीन शेजारणी, शिवण शिकायला येणाऱ्या मुली भिंतीला टेकून. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि कॉटच्या नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, प्रार्थना वाचूया का?’’

मावशी उठल्या, कपाटातून दोन पुस्तकं आणली आणि एक मास्तरांच्या हातात दिलं.

भाऊ गोंधळला. मालकांनी घसा खाकरला.

‘‘मी?’’ मास्तर म्हणाले.

‘‘माझ्याच्यानं होत नाही. रोज मी वाचते, तुम्ही बघता. आज तुम्ही वाचा, मी बघते.’’

त्यांनी समोर बसकण मारली, आपलं पुस्तक मांडीवर उघडलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

मास्तरांनी चष्मा चढवला. शाळा सुटल्यापासून त्यांनी चारचौघांत मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. ‘‘तुझ्या दारी आम्ही आलो, स्वल्पविराम,’’ त्यांनी सुरुवात केली आणि भिंतीशी बसलेल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

‘‘मास्तर,’’ मावशी हळू म्हणाल्या. ‘‘खुणा नकोत. हे काम नाही.’’

मास्तरांचे कान तापले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, खुणांशिवाय. हळूहळू आवाज सापडला. वर्गात वाचायचे तसा तो निघू लागला, भरदार, सगळ्यांना पोचेलसा. भावानं डोळे मिटले. मालकांनी मिटले. खोलीतल्या सगळ्यांनीच मिटले, आणि उघडे राहिले ते फक्त दोघांचे.

पान उलटण्याआधीच मास्तरांना ठाऊक होतं पुढे काय आहे ते. प्रत्येक आवृत्तीत त्यांनी ते तपासलं होतं. उजव्या पानावर, वरून दुसरी ओळ: आजाऱ्याला तू उठवतोस, हाक मारणाऱ्याला रिकाम्या हाती परत पाठवत नाहीस. त्यांनी पान उलटलं. समोर कॉटच्या पट्ट्या होत्या. त्यांनी पहिली ओळ वाचली, नजर उचलून तिसरीवर ठेवली आणि जराही न अडखळता पुढे गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

मावशींचं बोट दुसऱ्या ओळीखाली थांबलं.

मास्तरांना ते दिसलं. ते वाचत राहिले, चौथी ओळ, पाचवी ओळ, थोडं भराभर. बोट हलेना. सहाव्या ओळीच्या मध्यावर त्यांचा आवाज आपोआप बंद पडला.

‘‘एक ओळ राहिली,’’ मावशी म्हणाल्या.

‘‘ठाऊक आहे,’’ मास्तर अगदी खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘राहू द्या ना, मावशी.’’

‘‘माझ्याकडे आहे ती.’’

भावानं डोळे उघडून काय झालं म्हणून बघितलं. मास्तर मागे आले. ‘‘आजाऱ्याला तू उठवतोस,’’ त्यांनी वाचलं, आणि त्यापुढचा शब्द काही केल्या निघेना. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. ज्या ओळीचा काना अन् मात्रा त्यांनी इतकी वर्षं राखली, तिचा अर्थ आज त्यांना पहिल्यांदा लागला होता.

‘‘सावकाश,’’ मावशी म्हणाल्या.

‘‘हाक मारणाऱ्याला,’’ मास्तरांनी वाचलं, ‘‘रिकाम्या हाती परत पाठवत नाहीस.’’

त्यांच्या शब्दांबरोबर मावशींचं बोट सरकत ओळीच्या शेवटी गेलं आणि तिथेच टेकून राहिलं. खाली सरकलं नाही, की पानावरून उचललंही गेलं नाही. ओळ बरोबर आहे की नाही, पुढे जायचं की इथेच थांबायचं, हे टेबलाशी मास्तर ठरवत. आज ते मावशींनी ठरवायचं होतं, आणि मास्तर पुस्तक उघडं धरून त्या बोटाकडे बघत बसले.