तिरचिमणी मोजायला गेलेली मंजुषा

रेणापूरच्या पंचाक्षरी आणि शिवकांताबाईंची मुलगी मंजुषा जूनपासून हिमालयात होती. तिथं बारा हजार फुटांवरच्या गवतात तिरचिमण्या घरटी करतात. ती घरटी शोधायची, पिल्लं मोजायची, हे तिचं काम. दर रविवारी तीन तास उतरून ती रेंज असलेल्या गावात यायची आणि घरी फोन करायची.

या रविवारी फोन आला नाही. सोमवारी टीव्हीवर बातमी आली, त्याच भागात ढगफुटी झाली, रस्ता वाहून गेला. शिवकांताबाईंनी घाईनं टीव्ही बंद केला. नवऱ्याला बीपीचा त्रास होता.

"आला का गं फोन?" जेवताना पंचाक्षरींनी विचारलं.

"येईल की. रेंज नसंल."

अर्धी भाकरी तशीच ठेवून ते दुकानात गेले.

मंगळवारी शिवकांताबाई डबा घेऊन भुसार दुकानाशी आल्या, तर शटर अर्धं खाली. आतून आवाज येत होता, "साब, हमारी लडकी उधर चिडिया गिनने गई है. मंजुषा नाम है."

त्या वाकून आत शिरल्या. "तुमाला ठावं होतं?"

"कालच कळालं. तुला कसं सांगू?" पंचाक्षरींनी फोन खाली ठेवला. "तिकडच्या सरकारी हापिसाला सकाळधरनं अकरा डाव लावला. कुणी नीट सांगत न्हाई."

दोघं तुरीच्या पोत्यांवर बसून राहिली. डबा कुणीच उघडला नाही.

बुधवारी दुपारी दोघं दुकानात असताना शिवकांताबाईंच्या फोनवर अनोळखी नंबर आला.

"अव्वा, मी बरी हाय."

पंचाक्षरींनी बायकोच्या हातातला फोन ओढून घेतला. "रविवारी खाली का उतरली न्हाईस?"

"एका घरट्यात अंड्यांतनं पिल्लं बाहेर येत होती, अप्पा. म्हटलं, बघूनच जावं. मग गारा सुरू झाल्या, तंबू फाटला. दोन दिवस मेंढपाळाच्या झोपडीत होते."

"एवढ्याशा पाखरापायी?" त्यांचा आवाज चढला. मग त्यांनीच विचारलं, "पिल्लं?"

"तीन गेली. एक हाय."

"रस्ता झाला की घरी ये."

"ते उडालं की येते."

शिवकांताबाईंनी फोन परत घेतला. "हा कुणाचा नंबर? सांग, लिहून घेते."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आकडे लिहू लागल्या. घाईत साताचा एक झाला. तो खोडून त्यांनी परत लिहिला आणि वळून पाहिलं, तर पंचाक्षरी पोत्यावर बसून उपरण्यात तोंड लपवून रडत होते.