निसीम सर थांबतात

"हैबतराव, पोरीवर ओरडू नका. तिचा हात हलला तर बाप्पा चकणा व्हायचा," सगुणाबाई म्हणाल्या.

मी फॉर्म घेऊन बाजूला बसलो. पेणच्या त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू असताना बोलायचं नाही, असा दंडक होता. तो मोडायची मुभा फक्त मालकीण सगुणाबाईंना. समोर दीडशे गणपती, सगळे बिनडोळ्यांचे. मधोमध मालू पाटावर बसलेली, शेजारी टेपरेकॉर्डर.

मी रोह्याच्या दूरशिक्षण केंद्रातला कारकून. विद्यापीठाने विचारलं होतं : कॅसेटवरून शिकताना शिक्षकाची उणीव भासते का? हो किंवा नाही. दहा फॉर्म बिनचूक आले तर केंद्र राहणार, नाहीतर बंद. शहाण्णव सालची गोष्ट. आमच्याकडे विद्यार्थी मोजून दहा, आणि दहावी ही मालू. बी.ए.चं शेवटचं वर्ष. तिने 'नाही'वर खूण केली ती केली, शिवाय खाली लिहून ठेवलं, 'माझं उत्तर पुरं होईपर्यंत सर थांबतात.'

मालूने कुंचला खाली ठेवला तसा मी म्हणालो, "हे खोडायला हवं. जादा मजकूर असला की फॉर्म बाद."

"ख... खरं हाय ते."

मालूची जीभ अडते. कॉलेजात तिचं उत्तर बाहेर पडायच्या आत मास्तर पुढच्या बाकावर जायचे. पहिल्याच वर्षी तिने कॉलेज सोडलं.

"अगं, या कॅसेटांच्या प्रती मीच काढतो," मी म्हणालो. "निसीम सरांनी अष्टमी गावात, स्वतःच्या घरी बोलून भरल्यात. प्रश्न विचारला की गप्प बसतात, मागे त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. आठ टिकटिक. कधी नऊ नाही. आणि सरांना जाऊन दोन वर्षं झाली."

तिने नुसतं बटण दाबलं.

"मागणी घटली, तरी मिठाचा भाव उतरला नाही," निसीम सरांचा ओळखीचा आवाज आला. "का? सांगा बघू."

"का... का..." मालू अडली. मी सवयीने मोजत होतो. आठ. नऊ. चौदा. "कारण आ... आगरात भरती शि... शिरली, मीठच क... कमी पिकलं." तेवीस.

"बरोबर," सर म्हणाले. "पुढे."

सेल उतरले म्हणावं, तर आवाज ओढल्यासारखा नव्हता. मी सगुणाबाईंकडे पाहिलं.

"आमाला काय, रोजचंच हाय," त्या मुकुटाला सोनेरी रंग लावत म्हणाल्या.

तरीही मी तांबड्या पेनाने ती ओळ खोडली. असलं काही वर पाठवून चालत नाही. मालूने हात धरला नाही, पुढच्या गणपतीचा डोळा आखायला घेतला. सगळे फॉर्म मंजूर झाले, केंद्र वाचलं. त्या आठवड्यात मी स्वतःवर फार खूश होतो.

गणपती झाल्यावर ऐन दुपारी मालू रोह्याला आली. कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली.

"बदलून द्या. आता सर थांबत नाय."

मी ती लावली. "का? सांगा बघू." आठ टिकटिक, आणि "बरोबर. पुढे." मालू अजून 'का...'वरच होती. तिने तोंड मिटलं. पिशवी उचलली. मला मी मारलेली ती तांबडी रेघ आठवली.

"बस," मी म्हणालो. दुसरी कॅसेट देऊनही काही होणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. मी तीच मागे नेऊन पुन्हा लावली. थांबवायच्या बटणावर बोट ठेवलं. आठवी टिकटिक झाली आणि दाबलं. कॅसेटची चाकं थांबली.

"का... कारण..."

केंद्रात भिंतीवर घड्याळ नाही. आहे ते माझ्या मनगटावर, आणि त्याला आवाज नाही.

नऊ. दहा. अकरा.

मी बोट तसंच धरून ठेवलं आणि मोजणं सोडून दिलं. मालू बोलत होती.