मागचं वजन

नव्या मिनी ट्रॅक्टरचा पुढचा लोडर किती उचलतो, हे गहिनीनाथला सगळ्या आळीला दाखवायचं होतं. बांधकामाच्या ढिगातली वाळू उचलून झाली, मुरूम उचलून झाला. मग त्याची नजर गोठ्यापुढच्या दगडी डोणीवर गेली. जनावरांच्या पाण्याची ही डोण हलवायची म्हणजे पूर्वी आळीतले सगळे गडी बोलवावे लागायचे.

"मागं वाळूचा ड्रम बांधा म्हणला व्हता ना शोरूमवाला?" त्याची बायको छबुबाई म्हणाली.

"ड्रम कोण भरत बसतंय? तू ऱ्हा उभी मागं. तेवढं वजन बास हाय."

पदर खोचून ती मागच्या लोखंडी पट्टीवर उभी राहिली. डोण उचलली गेली.

"वा रं गहिन्या!" कोणीतरी ओरडलं.

त्या एका हाकेनं तो फुगला. त्यानं डोण आणखी वर घेतली, तशी मागची चाकं जमीन सोडून उठली. घाबरून त्यानं लोडर एकदम खाली सोडला. चाकं आदळली आणि छबुबाई फेकली गेली.

तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, तर तीच म्हणाली, "मोरीत पाय घसरला." गहिनीनाथनं मान खाली घातली.

सकाळी त्यानं ड्रम आणून अंगणात ठेवला, लोडरनं वाळू उचलली आणि त्यात ओतली.

प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन छबुबाई बाजेवरून बघत होती.

"एकाच खेपेत भरला की ओ," ती म्हणाली.