छपराखालचा मांडव

माणूस आणि आकाश यांच्यामध्ये कमीत कमी अडथळा असावा, हेच स्थापत्याचं अंतिम ध्येय आहे, असं इंजिनियर दिशाचं ठाम मत होतं. किन्हवलीच्या सभागृहात हा अडथळा पांढऱ्या कापडाचा होता आणि त्याला गुलाबी झालर होती.

सभागृहाचं छप्पर दिशानंच उभं केलेलं. सागाच्या तुळया, उत्तरेच्या अंगाला दुहेरी काच, आढ्यापाशी गरम हवा बाहेर जायला झडपा. दिवसा दिवा नको, पंखा नको. ते बघायला आज जिल्ह्याहून समिती यायची होती. ती खूश झाली तर मुरबाड-टोकावड्याकडे अशीच आणखी चार छपरं बांधायला मिळणार होती. म्हणून दिशा सकाळीच पोचली आणि वर बघते तर छप्पर गायब.

सभागृहाचा कारभार बघणारे सावळारामकाका खाली उभं राहून झालरीकडे समाधानानं बघत होते. कापड काढा म्हणून तिनं विनंती केली, हात जोडले, शेवटी आवाजही चढवला. काकांना मुद्दाच कळेना. पाहुणे यायचे म्हणजे मांडव आलाच.

"काका, अहो वर छप्पर आहे."

"हाय ना. पन सायेब काय लाकडं मोजीत बसतील? लोक म्हनतील, किन्हवलीकरांना साधं कापड जमलं नाय."

कापडानं अंधार झाला म्हणून ट्यूबा लावल्या होत्या, आणि ट्यूबांसाठी मागं जनरेटर धडधडत होता. मांडववाला शिडी घेऊन आसनगावच्या लग्नाला गेलेला. दुसरी शिडी मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, आणि समितीची गाडीही.

बाहेर एप्रिल पेटला होता. आत मात्र खरोखर गारवा होता. कापडाआड झडपा आपलं काम गुमान करत होत्या. अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली, झालर या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली आणि विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

दिशा तोंड उघडणार, तोवर काका विनयानं म्हणाले, "आमची पद्धतच हाय, सायेब."

मग दिशानं तुळयांपासून झडपांपर्यंत सगळं समजावून सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलवत ऐकून घेतलं. नजर कापडावरून हलली नाही.

महिन्याभरात मंजुरी आली. चारही सभागृहांचं काम दिशाकडेच आहे. छपरं पत्र्याची, खाली कापड.