नाओकोची शनिवारची रजा

कुरातासान आमचे वॉर्डप्रमुख. दिवसाला दोन पाकिटं ओढतात, तीही स्टाफरूममध्ये बसून, काचेच्या दाराआड, पोरांच्या डोळ्यांदेखत. आणि शनिवारी सकाळी नाओकोच्या कोटाच्या खिशात अर्धी सिगारेट सापडली, तर याच माणसाने तिची घरी जायची रजा रद्द केली. माझं डोकंच फिरलं.

नाओको पंधरा वर्षांची. जपानमधल्या इचिकावा गावातल्या या मुलांच्या मानसोपचार वॉर्डात तीन महिन्यांत ती ‘हो’ आणि ‘नाही’पलीकडे बोलली नव्हती. आता कुठे पहिल्यांदा दोन दिवस घरी जाणार होती. आई न्यायला येऊन खाली बसली होती.

सिगारेट हायाशी सिस्टरची, हे मला पक्कं ठाऊक. मागच्या महिन्यात तिला सकाळच्या मीटिंगमध्ये उभं करून ‘आजपासून सोडली’ अशी शपथ वाचायला लावली होती. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तिने निकोटीनच्या च्युइंगमबद्दल विचारलं, तर कुरातासान धूर सोडत म्हणाले, “गांबात्ते!” म्हणजे कर प्रयत्न, नि मर तिकडे. अहो, टाळ्यांनी सुटतं का व्यसन? पुण्यात अकरा वर्षं सिस्टर होते मी. इथे माझं सर्टिफिकेट चालत नाही म्हणून पार्टटाइम मदतनीस, म्हणून मला कोण विचारतो! हायाशी बिचारी कपडे वाळत घालायच्या गच्चीत लपून ओढायची. मी बघितलं होतं आणि गप्प बसले होते.

त्या शनिवारच्या मीटिंगमध्ये मी हायाशीकडे टक लावून बघत होते. बोल ना बाई! ती आपली स्वतःच्या सपातांकडे बघतेय. शेवटी मीच म्हटलं, “ती सिगारेट माझी. गच्चीत पडली असेल.”

जन्मात सिगारेटला हात लावला नाही मी. पण एकालाही नवल वाटलं नाही. परदेशी बाई, ओढत असेल! कुरातासान तर सुटल्यासारखे हसले.

“स्नेहलतासान, माफीपत्र लिहून द्या. नाओकोला जाऊ दे.”

दारात नाओको बॅग घेऊन उभी होती.

“खोटं,” ती म्हणाली. “त्या ओढत नाहीत. ती हायाशीसानची. मी गच्चीतून उचलली. मला ओढून बघायची होती.”

हायाशी रडायला लागली. कुरातासाननी नवी सिगारेट पेटवली.

“खरं बोललीस, छान. पण उचललीस ना? नियम म्हणजे नियम. रजा रद्द. स्नेहलतासान, आईला परत पाठवा.”

“आग लागो तुझ्या नियमाला!” मी मराठीत म्हटलं, तोंडावर, चांगलं मोठ्याने. आणि खाली गेले.

माझा चेहरा बघून तिची आई घाबरून उठली. “काय केलं तिने?”

“बोलली,” मी म्हटलं. “पाच वाक्यं बोलली. इतक्या माणसांत खरं बोलणारी ती एकटी.”

“मग... घरी?”

“तुम्हाला परत पाठवायला सांगितलंय मला.” मी तिचा हात धरला आणि जिना चढायला लागले. “चला वर. आता तुम्ही बोला.”