मालुबाईंना गाडी लागते

रविराजनं ती दांडगी गाडी सदलग्याच्या मावशीसाठी घेतली, असं तो सगळ्यांना सांगायचा. बेळगावात ऑफिस, पिरनवाडीत घर, मग रानात चालणारी गाडी कशाला, असं कुणी विचारलं की मावशीचं नाव घेतलं की काम भागायचं. अगदीच थाप नव्हती ती. बाळाबाई मावशी सदलग्याच्या पुढं मळ्यात राहायची. वाट काळ्या मातीची, उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेली. मावशीनं यंदा खाट धरली होती, आणि रविराजच्या आईला, मालुबाईंना, थोरल्या बहिणीची ओढ लागली होती.

पण नव्या गाडीत मालुबाई बसल्या त्या एकदाच, संकेश्वरच्या लग्नाला. परत आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "मला गाडी लागतीया रं. मी न्हाय आता बसत."

लागते म्हणजे मळमळते, आणि मळमळते म्हणजे गाडी हिसके देते, असा सरळ अर्थ रविराजनं लावला आणि गाड्यांचं जादा सामान विकणाऱ्या भरमाचं दुकान गाठलं.

"स्नॉर्कल घाला की साहेब," भरमा म्हणाला. "नदीत घातली तरी इंजिन पाणी पिणार न्हाय."

आईला घेऊन दूधगंगेत गाडी घालायचा प्रसंग कधी येईल, याचा रविराजनं खरोखर थोडा वेळ विचार केला. मग जड मनानं स्नॉर्कल सोडलं. दोर गुंडाळून गाडी ओढणारी विंचही सोडली. जाड खाचांचे टायर घेतले, अडकली तर ओढून काढायला पट्टा घेतला, हवा भरायचा छोटा पंप घेतला, आणि भरमानं सांगितलं म्हणून स्प्रिंगवर स्पेसर बसवून गाडी चांगली दोन इंच वर उचलून घेतली. सगळं कसं कामापुरतं, असं स्वतःला बजावत तो घरी आला.

मालुबाईंनी दारातूनच गाडीकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "आता तर लईच लागंल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविराजला रागच आला. एवढं करूनही आईचं आपलं तेच. जेवताना त्यानं बायकोपुढं कुरकुर केली तेव्हा माधवीनं आमटीची पळी खाली ठेवली.

"अहो, त्यांना गाडी लागत न्हाय. चढायला येत न्हाय. गोल साडीत तेवढा पाय उचलायचा कसा? लग्नात हॉलसमोर तुम्ही त्यांना मागनं ढकलून आत घातलं. चार माणसं हसली."

चार माणसांत आपणही होतो, हे रविराजला आठवलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरमाकडं. आता दोन्ही बाजूंना पायऱ्या हव्या होत्या, अगदी खाली लोंबणाऱ्या.

"मळ्याच्या वाटंला ह्या घासणार बघा," भरमा म्हणाला. "काल वर उचलली, आज खाली आणायलाय."

"घासू देत. लाव."

रविवारी मालुबाईंनी इकडंतिकडं बघून घेतलं, पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि कुणाचा हात न लागता वर चढून बसल्या. वाटभर बोलत होत्या. मळ्याच्या वाटेवर चाकोरी खोल होत गेली, कडेचा बांध वर आला, आणि मालुबाईंच्या बाजूची पायरी कर्रकन वाकून गाडीखाली गेली. रविराजच्या काळजात कळ उठली. गाडी मात्र थेट मावशीच्या दारात पोचली. तिथं आईला त्यानं हात धरून हळूच उतरवलं.

चहापाणी झालं, तसा तो उठला. "चल आई. पायरी गेली तर गेली, खुर्ची ठेवतो पायाखाली."

"खुर्ची नगं," मालुबाई खाटेच्या कडेवरून म्हणाल्या. त्यांचा चेहरा लहान पोरीसारखा खुलला होता. "पायरी नीट करून सावकाश ये. मी ऱ्हातो आक्कापाशी."

"आणि कपडे?"

मालुबाईंनी पिशवी उपडी केली. फळांची म्हणून रविराजनं स्वतः गाडीत ठेवलेली ती पिशवी. तिच्यातून चार साड्या निघाल्या.

"दरसाल येतीस आणि चहा पिऊन पळतीस," बाळाबाई बहिणीला म्हणाली. "गाडीवाला घाईचा तुझा."

मावशीकडं जाऊन येऊ, असं रविराज आईला इतकी वर्षं म्हणत आला होता. राहतेस का, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो गाडी वळवत होता तेव्हा मावशी उशीला टेकून उठून बसली होती, आणि आई तिची वेणी सोडत होती. दोघींपैकी कुणीही त्याच्याकडं बघितलं नाही.