आतला खिसा

मुलांच्या कुठल्याही कपड्याला आतून एक चोरखिसा शिवायचा, ही त्या शिवणकामवालीची खोड. "याचे वेगळे पैसे का हो?" गिऱ्हाईक विचारायचं. "नाही, ही माझ्या आईची कृपा," ती म्हणायची.

आईने कधी हात उगारला नाही. चूक झाली की ताट वाढायची नाही आणि बोलायची नाही, एवढंच. चूक कोणती, ते मुलांनी ओळखायचं. म्हणून या शिवणकामवालीने, घरच्या ताईने, धाकट्या भावाच्या सदऱ्याला आतून खिसा लावला आणि त्यात पावाचे तुकडे भरले. चुरा सांडला, आईने पाहिला आणि धाकट्याचं नाव 'उंदीर' ठेवलं. आईने त्याच्यासाठी हौसेने केलेली तेवढीच गोष्ट. उंदीर पुढे बेकरीत लागला. पोट भरलंय, हे त्याला अजून कुणी पटवू शकलेलं नाही.

मुलगी झाली तेव्हा ताईने भावाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, हिच्यावर खिशात पाव लपवायची पाळी आणणार नाही. डोकं त्याचं असल्याने त्यालाही त्यात रस होता. दर धुण्याला ती लेकीच्या फ्रॉकचा खिसा चाचपायची. रिकामा असायचा. मग दिवस बरा जायचा.

रविवारी उंदीर पाव घेऊन आला.

"भाचेबाई, आज मौनव्रत?"

मुलगी आईकडे बघत राहिली.

"जेवली का गं ती, ताई?"

"ताट झाकून ठेवलंय. मी काही आईसारखी नाही. चूक कबूल कर आणि जेव म्हटलं."

"केलं काय तिने?"

"तिला माहितीये."

"मला नाही माहीत, मामा," मुलगी हळूच म्हणाली.

उंदीर हसायला गेला, जमलं नाही. "ताई, ताट वाढ."

"तू मध्ये पडू नकोस."

तो पडला नाही. लहानपणापासून पडायची सवयच नव्हती. पाव ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ताईने धुण्याचा फ्रॉक उलटा केला. खिशात पावाचे तुकडे होते, नीट चौकोनी, कागदात गुंडाळलेले. चुरा सांडू नये म्हणून.

तिने लेकीला हाक मारायला तोंड उघडलं. पुढे काय बोलतात, ते आईच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

फ्रॉक वाळल्यावर तिने खिसा उसवला, जरा खोल करून पुन्हा शिवला आणि पुडी होती तशी आत ठेवली.